कोड न चालवता तपासायचा कसा? ॲलन ट्युरिंगची गोष्ट

आधी माझी एक चूक सांगते, मग ट्युरिंगकडे वळू.

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्याच नोकरीत होते. औषधांच्या दुकानांसाठी बिलिंगचं ॲप होतं आणि त्यातला दर बदलण्याचा भाग माझ्याकडे होता. मी पायथॉनमध्ये एक लांबलचक फंक्शन लिहिलं, चालवून पाहिलं, बिल निघालं, मी खूश. एडिटरमध्ये मात्र पिवळ्या रेघांची रांगोळी पडली होती. ओळ फार लांब आहे, इथं स्पेस हवी, हा व्हेरिएबल तयार केलाय पण वापरलेलाच नाही, असं बरंच काही. साठ-सत्तर वॉर्निंग तरी असतील. मला वाटलं, कोड चालतोय ना, मग ही कटकट कशाला? सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या बंद करून टाकल्या.

त्यातली एक खरी होती. नवा दर मी एका नव्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये काढून ठेवला होता आणि खाली बिलाचा गुणाकार करताना सवयीनं जुनंच नाव लिहिलं होतं. दोन दिवस दुकानांमधून जुन्या दरानं बिलं गेली. तिसऱ्या दिवशी आमच्या टीम लीडनं माझ्या शेजारी खुर्ची ओढली, वॉर्निंग पुन्हा चालू केल्या आणि काही न बोलता त्या एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी ज्या टूलचं तोंड बंद केलं होतं त्याला लिंटर म्हणतात आणि तो जे काम करतो त्याला स्टॅटिक ॲनालिसिस. कोड न चालवता, नुसता वाचून तपासणं. ही कल्पना किती जुनी असेल म्हणून शोधायला लागले, तर १९४९ सालच्या एका तीन पानी निबंधाशी येऊन थांबले. लिहिणारा होता ॲलन ट्युरिंग. एनिग्मा फोडणारा, एआयच्या गप्पांमध्ये ज्याच्या टेस्टचं नाव येतं, तोच. पण गंमत अशी की कोड तपासता येईल असा लिहा, हे इतक्या लवकर सांगणाऱ्या या माणसाचा स्वतःचा कोड वाचणं म्हणजे शिक्षा होती.

लिंटर करतो तरी काय?

मोबाईलवर टाईप करताना चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते, बरोबर? मेसेज पाठवायच्या आधीच येते. लिंटर तसाच. तो आधी कोडचे तुकडे पाडतो: हे नाव, हा आकडा, हा कंस. मग शाळेत आपण वाक्यपृथक्करण करायचो तसं त्या तुकड्यांचं झाड मांडतो: या फंक्शनच्या आत ही लूप, लूपच्या आत ही अट. आणि मग त्या झाडावर एकेक नियम लावत जातो. एखादं नाव जन्माला आलं पण पुन्हा कुठं भेटलंच नाही. रिटर्नच्या खाली दोन ओळी आहेत जिथं प्रोग्राम कधी पोहोचणारच नाही. एका फंक्शनमध्ये अटींचे इतके फाटे फुटलेत की वाचणारा हरवून जाईल. हे फाटे मोजण्याची पद्धत थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडली, आजचे कितीतरी लिंटर तीच वापरतात.

स्टाईलचे नियम थोडे वेगळे. पायथॉनमध्ये ते पेप ८ नावाच्या दस्तऐवजात २००१ पासून लिहिलेले आहेत: इंडेंट चार स्पेसचा, ओळ ७९ अक्षरांपर्यंत, वगैरे. यांचा कंटाळा येतो हे मला मान्य आहे. पण माझी ती एक खरी वॉर्निंग पन्नासेक फुटकळ वॉर्निंगच्या गर्दीत दिसली नाही, आणि ती गर्दी मीच जमवली होती.

अक्षर वाईट, वही अस्वच्छ

ट्युरिंगच्या घरचा भारताशी जवळचा संबंध होता. वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आई एथेल सारा हिचा जन्मच तिकडचा, तिचे वडील मद्रास रेल्वेत चीफ इंजिनियर होते. ॲलन २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये जन्मला. आईवडील भारतात परतले तेव्हा त्याला आणि थोरल्या भावाला इंग्लंडमध्येच एका निवृत्त कर्नलच्या कुटुंबाकडे ठेवलं गेलं. म्हणजे बालपण बरंचसं लोकांच्या घरात.

१९२६ मध्ये शेरबर्नच्या बोर्डिंग शाळेत जायचं, तर नेमका देशभर संप. ट्रेन बंद. तेरा वर्षांचा हा मुलगा साउथम्प्टनहून सायकलवर निघाला, वाटेत एका रात्रीचा मुक्काम केला आणि जवळपास शंभर किलोमीटर तोडून शाळेत हजर झाला. शाळेतल्या शिक्षकांची तक्रार मात्र कायमची होती: अक्षर वाईट, काम अस्वच्छ, उत्तर बरोबर असलं तरी तिथवर कसा पोहोचला ते नीट मांडत नाही. ही तक्रार लक्षात ठेवा, ती आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला आणि १९३५ मध्ये तिथलाच फेलो झाला. १९३६ चा त्याचा प्रसिद्ध निबंध लिहून झाला तेव्हा तो २३ वर्षांचा होता. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा पगारी माणूस. ट्युरिंगनं कागदावरच एक मशीन कल्पिलं: न संपणारी पट्टी, तिच्यावर चिन्हं वाचणारं-लिहिणारं एक डोकं आणि नियमांचा तक्ता. आणि अशा मशीनबद्दल काही प्रश्न असे आहेत की त्यांचं उत्तर कोणतंच मशीन नेहमी देऊ शकणार नाही, हे सिद्ध केलं.

आज आपण तो मुद्दा असा समजून घेतो. समजा एक परफेक्ट तपासनीस प्रोग्राम आहे. कुठलाही कोड द्या, तो अचूक सांगतो की हा कधीतरी थांबेल की कायम फिरत राहील. आता मी एक आगाऊ प्रोग्राम लिहिते. तो तपासनीसाला स्वतःबद्दलच विचारतो आणि उत्तराच्या बरोबर उलट वागतो. तपासनीस म्हणाला थांबेल, तर हा फिरत बसतो. म्हणाला फिरत राहील, तर लगेच थांबतो. तपासनीस काहीही म्हणाला तरी खोटा ठरतो. म्हणून तो असूच शकत नाही. ट्युरिंगचं मूळ लिखाण या शब्दांत नाही, हे मात्र सांगायला हवं. ख्रिस्तोफर स्ट्रेची नावाच्या प्रोग्रामरला ट्युरिंगनं १९५३ मध्ये रेल्वेच्या डब्यात ही सिद्धता तोंडी सांगितली होती. तो ती विसरून गेला, आणि मग १९६५ मध्ये स्वतःची छोटीशी सिद्धता त्यानं छापली.

याचा आपल्या पिवळ्या रेघांशी सरळ संबंध आहे. कुठल्याही कोडबद्दल, कधीच न चुकता, तो काय करेल हे वाचून सांगणारं टूल बनवता येत नाही. १९५३ मध्ये हेन्री राइस यांनी तर दाखवलं की हे फक्त थांबण्यापुरतं नाही, प्रोग्रामच्या वागण्याबद्दलच्या जवळपास सगळ्या प्रश्नांना हेच लागू आहे. म्हणून प्रत्येक लिंटर कुठंतरी तडजोड करतो: एक तर उगाच ओरडतो, नाहीतर कधीतरी खरी चूक सोडून देतो. लिंटर मूर्ख आहे म्हणून आपण चिडतो तेव्हा निम्म्या वेळा तरी आपण गणितावर चिडलेलो असतो.

आणि त्या १९३६ च्या निबंधातच बग होते! युनिव्हर्सल मशीनच्या तक्त्यांमध्ये चुका होत्या. पुढे डोनाल्ड डेव्हिस नावाच्या तरुण सहकाऱ्यानं त्या शोधून ट्युरिंगला दाखवल्या, तर ट्युरिंगला ते फारसं आवडलं नाही. (तुमच्या मोबाईलचा डेटा ज्या पॅकेटच्या पद्धतीनं धावतो, ती शोधणाऱ्यांपैकी एक हाच डेव्हिस.) तक्ता कधी मशीनवर चालवलेला नव्हता, कारण तसं मशीनच नव्हतं. डेव्हिसनं तो नुसता वाचला आणि चुका सापडल्या. म्हणजे तोही लिंटरच की.

सायकलची चेन

युद्धातलं काम सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. सप्टेंबर १९३९ मध्ये ट्युरिंग ब्लेचली पार्कला रुजू झाला. पोलंडच्या गणितज्ञांनी आधी करून ठेवलेल्या कामावर पुढे जात त्यानं बॉम्ब नावाच्या मशीनची रचना केली आणि जर्मन नौदलाचे संदेश फोडणाऱ्या हट ८ चं नेतृत्व केलं.

मला तिथली सायकलची गोष्ट जास्त आवडते. त्याच्या सायकलची चेन ठरावीक फेऱ्यांनंतर निसटायची. दुरुस्त करून घ्यायची सोडून तो पॅडलच्या फेऱ्या मोजायचा आणि चेन पडायच्या आत उतरून हातानं ती नीट करायचा. त्याचं काम चालत होतं. दुसऱ्या कोणी ती सायकल घेतली असती तर दहा मिनिटांत रस्त्यावर बसला असता. माझं ते बिलाचं फंक्शन अगदी असंच होतं, मलाच चालवता येणारं.

हातचा लिहून ठेवा

युद्धानंतर ट्युरिंग नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गेला, तिथं एसीई नावाच्या कॉम्प्युटरचा पूर्ण आराखडा लिहिला. काम रेंगाळलं, तो वैतागला आणि १९४८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आला. जून १९४९ मध्ये केंब्रिजला कॉम्प्युटरवाल्यांची परिषद भरली. तिथला नवा एडसॅक कॉम्प्युटर नुकताच चालू झाला होता. २४ जूनला ट्युरिंग बोलायला उभा राहिला. विषय साधा: मोठा प्रोग्राम बरोबर आहे हे तपासायचं कसं?

त्यानं उदाहरण घेतलं बेरजेचं. आपण आपले आकडे घेऊ: ४७८, ३६५ आणि २८९. उत्तर ११३२. मी तुम्हाला फक्त उत्तर दिलं तर तपासण्यासाठी तुम्हाला अख्खी बेरीज पुन्हा करावी लागेल. पण मी हातचे लिहून ठेवले तर? एककाची बेरीज २२, हातचे २. दशकाची हातच्यासकट २३, पुन्हा हातचे २. शतकाची ११. आता तिघा मित्रांना एकेक रकाना वाटून द्या. प्रत्येकानं आपापला रकाना बघायचा, बाकीच्यांकडे बघायची गरजच नाही. तिघंही बरोबर म्हणाले की बेरीज बरोबर.

प्रोग्रामचंही तसंच करा, असं त्याचं म्हणणं होतं. लिहिणाऱ्यानं मध्येमध्ये स्पष्ट विधानं लिहून ठेवायची: प्रोग्राम इथं पोहोचला की या जागेत ही किंमत असली पाहिजे, त्या जागेत ती. तपासणाऱ्यानं एका विधानापासून पुढच्यापर्यंतचा छोटा तुकडा तपासायचा, बस. त्यानं नमुना म्हणून फॅक्टोरियल काढणारा प्रोग्राम घेतला होता, तोही गुणाकार न वापरता, नुसत्या बेरजांनी. शेवटी प्रोग्राम थांबतो हेही वेगळं दाखवायचं: अशी एक संख्या शोधायची जी प्रत्येक फेरीत कमीच होत जाते.

हे मी दोनदा वाचलं. तेरा वर्षांपूर्वी याच माणसानं सिद्ध केलं होतं की सगळं ओळखणारा तपासनीस बनणं अशक्य आहे. मग त्यानं तपासणं सोडून दिलं का? नाही. त्यानं जबाबदारी तपासणाऱ्याकडून उचलून लिहिणाऱ्यावर टाकली. कुठलाही कोड तपासता येत नाही, ठीक आहे. पण तपासता येईल असा कोड लिहिणं तर आपल्या हातात आहे. लहान फंक्शन, अर्थ सांगणारी नावं, प्रत्येक व्हेरिएबलचं एकच काम, टाईप लिहून ठेवणं, हे सगळे हातचेच आहेत. लिंटर ज्या नियमांवरून आपल्याला छळतो ते बरेचसे याच जातीचे. तुमचा रकाना वेगळा करा, म्हणजे मला किंवा दुसऱ्या माणसाला तो एकटा बघता येईल.

आता त्या व्याख्यानातली मजा. मॉरिस विल्क्स, म्हणजे एडसॅक बांधणारे, समोर बसले होते. त्यांनी पुढे आठवण लिहिली आहे की ट्युरिंगनं फळ्यावर आकडे उलटे लिहिले, एकक डावीकडे! म्हणजे आपलं ११३२ त्याच्या फळ्यावर २३११ झालं असतं. लोक गोंधळले. विल्क्स यांच्या मते तो चेष्टा करत नव्हता, इतक्या क्षुल्लक गोष्टीनं कोणाला अडचण होऊ शकते हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. हातचा लिहा म्हणून सांगणारा माणूस, आणि आकडेच उलटे.

मँचेस्टरचा पाऊस

उलटं लिहायची सवय मँचेस्टरच्या मशीनची. तिथं एककाचा अंक आधी यायचा. प्रोग्राम पाच भोकांच्या कागदी पट्टीवरून आत जायचा. पाच भोकांच्या ३२ जुळण्या होतात, आणि प्रत्येक जुळणीला टेलिप्रिंटरवरचं एक चिन्ह. शून्याला तिरकी रेघ, एकाला ई, दोनाला ॲटचं चिन्ह, तीनाला ए, चाराला कोलनची दोन टिंबं, पाचाला एस. काही क्रम नाही, काही लॉजिक नाही. ३२ लिहायचे तर तिरकी रेघ आणि मग ई, कारण एकक आधी. ट्युरिंगनं हा तक्ता पाठ केला आणि बाकीच्यांनीही पाठ करावा अशी अपेक्षा ठेवली. प्रोग्रामरसाठी लिहिलेल्या त्याच्या हँडबुकमध्ये हेच शिकवलेलं होतं, आणि त्या हँडबुकमध्येही चुका होत्या. शून्यं जास्त म्हणून पानंच्या पानं तिरक्या रेघांनी भरलेली असत. मँचेस्टरच्या खिडकीवर आपटणारा पाऊसच जणू, असं गमतीनं सांगतात.

आकडे दहाच्या पद्धतीत घेऊन मशीनकडूनच रूपांतर करून घ्यावं, हे त्याला सुचलं नसेल असं मला वाटत नाही. हा माणूस एसीईच्या आराखड्यात सबरुटीनचा विचार करत होता. मला वाटतं त्याला स्वतःला गरजच पडली नाही. डोकं इतकं वेगवान असलं की वाचणाऱ्याची अडचण दिसत नाही. शाळेतल्या मास्तरांची ती तक्रार आठवली ना?

१९५१ मध्ये टोनी ब्रुकर तिथं आला आणि मशीन वापरणाऱ्यांना मदत करायचं काम त्याच्याकडे आलं. लोकांचे हाल बघून त्यानं ऑटोकोड बनवला, तो १९५४ मध्ये वापरात आला. आता साध्या बीजगणितासारख्या ओळी लिहिल्या की मशीन त्यांचं रूपांतर करी. तिरक्या रेघांचा पाऊस ओसरला.

ट्युरिंगचं लक्ष तोवर प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके-पट्टे कसे तयार होतात या गणिताकडे वळलं होतं. १९५२ मध्ये एका पुरुषाशी असलेल्या संबंधांवरून त्याच्यावर खटला झाला. ब्रिटनमध्ये तेव्हा तो गुन्हा होता. तुरुंग किंवा हार्मोनचे उपचार, असा पर्याय दिला गेला आणि त्यानं उपचार घेतले. गुप्त कामातून त्याला वगळलं गेलं. ७ जून १९५४ रोजी तो गेला, वय ४१. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. तो गुन्हा माफ व्हायला २०१३ उजाडलं, आणि २०२१ मध्ये त्याचा चेहरा पन्नास पौंडांच्या नोटेवर आला. इंग्रजांनी आपल्याकडे आणलेल्या तशाच कायद्याच्या तावडीतून आपली माणसं २०१८ मध्ये सुटली, हेही इथं आठवतं.

ती तीन पानं

केंब्रिजच्या त्या निबंधाचं पुढे काय झालं? जवळजवळ काहीच नाही. १९६७ मध्ये रॉबर्ट फ्लॉइड यांनी आणि १९६९ मध्ये टोनी होअर यांनी प्रोग्राममध्ये विधानं लिहून तो तपासण्याची पद्धत नव्यानं उभी केली, आणि पुढचं सगळं काम त्यावरून गेलं. १९७८ मध्ये बेल लॅब्सच्या स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी लिंट नावाचं टूल लिहिलं. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले धाग्या-लोकरीचे कण, ते झटकून काढायचे. लिंटर हा शब्द तिथून आला. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये ॲप बनवताना जो लिंट दिसतो, त्याचं नावही त्याच घरातलं.

ट्युरिंगची पानं १९८४ मध्ये मॉरिस आणि जोन्स या दोघांनी पुन्हा छापली तेव्हा त्यांना आधी ती दुरुस्त करावी लागली. परिषदेच्या अहवालात उतरवताना अक्षरं आणि चिन्हं इतक्या ठिकाणी चुकली होती की प्रोग्राम समजेनासा झाला होता. कोणाचं अक्षर कोणाला लागलं नाही, याचा अंदाज तुम्ही करा. त्या दोघांना दुरुस्ती करता आली ती मात्र त्याच्याच पद्धतीमुळे. विधानं जागोजागी लिहिलेली होती, त्यामुळे कुठलं चिन्ह तिथं बसूच शकत नाही हे कळत होतं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर लॅपटॉपची गरज नाही. मोबाईलवर टर्मक्स घ्या, त्यात पायथॉन आणि मग पिपनं पायफ्लेक्स टाका. तो स्टाईलवरून बोलत नाही, मुख्यतः न वापरलेली, न सापडणारी नावं दाखवतो. तुमच्या सगळ्यात जुन्या फाईलवर चालवा. स्टाईलसाठी पायकोडस्टाईल नंतर टाका, दोन्ही एकदम नको, नाहीतर माझ्यासारखं सगळंच बंद करून टाकाल. मी आता आमच्या प्रोजेक्टमध्ये न वापरलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग एरर करून ठेवली आहे, ती असेपर्यंत कोड पुढे जातच नाही. आणि दर काढणाऱ्या फंक्शनच्या शेवटी एक असर्टची ओळ आहे: बिलात लागलेला दर हा आजच्या तारखेचाच दर असला पाहिजे. टीम लीडनं रिव्ह्यू करताना त्या ओळीशेजारी नुसता एक अंगठा टाकला होता.